शिडाचा पट्टा

साल एकोणीसशे अठ्ठावन्न. आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. किहीमच्या वरच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी आमचा कोळीवाडा. त्या वर्षी गावदेवीच्या देवळाला नवं शिखर चढलं. अलिबागचे गवंडी आले, त्यांनी माडाच्या उंचीचं शिखर उभं केलं, गिलावा केला आणि आपले बांबू, फळ्या गाडीत घालून निघून गेले. रंग देणं आणि वर पितळी कळस बसवणं गावाने स्वतःच्या हाताने करायचं, असं पंचांनी ठरवलं होतं. चैत्रातली पालखी तोंडावर आली होती.

"आई आपली, हात आपले," असं अंबाजी पंच चारचौघांत म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

हात कुणाचे, तर माझ्या नवऱ्याचे. त्याचं नाव चांगदेव. आमच्यात तेव्हा कुणी बाई नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नसे. आता तो नाही आणि मला टोकणारंही कुणी उरलं नाही, म्हणून लिहिते. लग्नाआधी तो मुंबईच्या गोदीत जहाजांना रंग द्यायचं काम करायचा. जहाजाच्या कडेवरून दोन दोरांना बांधलेली फळी खाली सोडायची आणि तिच्यावर बसून रंग फासायचा. माझ्या सासऱ्यांना होडीवर माणूस कमी पडायला लागला तेव्हा तो परत आला. येताना त्याने चामड्याचा एक पट्टा आणला होता. पंजाएवढा रुंद, मागे लोखंडी कडी. कडीत दोर अडकवायचा आणि दोराचं दुसरं टोक जहाजाला बांधायचं. फळीला कधीच बांधायचं नाही. हे तो मला पुन्हा पुन्हा सांगायचा, कारण त्याच्या शेजारी काम करणाऱ्या एका माणसाने फळीलाच दोर बांधला होता. फळी निसटली तेव्हा तो तिच्यासकट गेला. हे सांगताना त्याचा आवाज बारीक व्हायचा. म्हणून देवळाचं काम त्याच्या गळ्यात पडलं तेव्हा मला भीती वाटली नाही. पट्टा होता ना.

गवंडी गेल्यावर गावच्या माणसांनी नवीन परांची बांधली. बांबूंचा उभा सांगाडा, टप्प्याटप्प्यावर फळ्या, सगळं काथ्याने आवळलेलं. एका सकाळी नारळ फुटला आणि चांगदेव पट्टा बांधून परांचीशी आला. मी रंग कालवायला पाण्याचा हंडा घेऊन उभी होते.

"त्ये कमरेला काय हाय रं?" अंबाजीने विचारलं.

"पट्टा, काका. वर दोर अडकवायला."

"कातड्याचा?"

"व्हय."

"काढ."

चांगदेव हसला. त्याला वाटलं थट्टा आहे.

"आईच्या डोक्यावर कातडं नेतंस? वहान घालून देवलात शिरशील काय? काढ आधी."

मला राहवलं नाही. "काका, ढोलाला पन कातडंच हाय ना?"

"ढोल खाली वाजतो गो. आईच्या पायाशी. डोक्यावर चढून कोन वाजवतो?"

विठोबा गुरव शेजारीच आरतीचं ताट घेऊन उभा होता. तो म्हणाला, "मेल्या जनावराची चीज हाय ती, ठमे."

"आनि जिता मानूस वरून खाली आला म्हंजे?"

"तोंड संभाल! कामाच्या पयल्याच दिवशी असं बोलतंस?" अंबाजी माझ्यावर ओरडला आणि बायकांनी मला मागे ओढलं.

चांगदेवाने बक्कल काढलं. माझा खरा राग तेव्हा त्याच्यावरच होता. पट्टा माझ्या हातात देऊन तो तसाच दोन टप्पे चढला, खालच्या अंगाचा रंग देऊन दुपारी उतरला. घरी येऊन जेवायला बसला तशी मी विचारलं, "गोदीतल्या त्या मानसाची गोस्ट पंचांना का न्हाय सांगितलीस?"

"पंचांशी काय भांडू?"

"तुज्याशिवाय वर चढनारा दुसरा कोन हाय? न्हाय चढत म्हन."

"आनि मंग ऱ्हायचं कुठं? या गावातच ना?" त्याने भाताचा घास उचलला. "खालचा टप्पा हाय अजून. वरचं वर बघू."

वरचं वर बघू. या तीन शब्दांवर मी आयुष्यभर चिडले आहे.

चामडं चालत नाही, तर दुसरं काय चालतं? आमच्या माळ्यावर सासऱ्यांचं जुनं शीड होतं. जाड सुती कापड, वाऱ्याने ओढून ओढून राठ झालेलं. सासरे म्हणजे बुधाजी तांडेल. चिलीम ओढत ते अंगणात बसले होते. मी शीड खाली काढलं तसे ते उठून उभे राहिले.

"फाडतंस काय? अजून एक मोसम चालंल ते!"

"मामा, तुमचा पोरगा किती मोसम चालायला हवा?"

ते परत बसले आणि चिलीम दुसऱ्या बाजूला तोंड करून ओढायला लागले. मी तो होकार समजले.

शेजारची वेणूबाई जाळी आणि शिडं दुरुस्त करायची. नवरा समुद्रात बुडाल्यापासून तिचं पोट या कामावरच होतं. तिने दाभण काढलं, दोऱ्याला मेण लावलं आणि माझ्याकडून कापडाच्या चार घड्या करून घेतल्या. ती शिवायची, मी पक्कडीने दाभण ओढायची. कमरेचा पट्टा झाला, तेव्हा ती म्हणाली, "बाय, नुसत्या कमरेला धरलं तर मानूस उलटा व्हतो. पोत्याला बांधतांव तसं खांद्यांवरून घे." म्हणून दोन पट्टे खांद्यांवरून आणि दोन मांड्यांखालून घेतले. मागे होडीवरची लोखंडी कडी शिवून टाकली.

तपासायला माझा दीर सदा तयार झाला. होड्या ओढून ठेवायच्या मांडवाच्या आढ्याला दोर टाकला आणि त्याला वर ओढलं. सदा तेव्हा विशीतला, हसरा. हातपाय हलवत लटकत राहिला आणि खाली सगळी पोरंबाळं गोळा झाली.

"बघा रं, घोळ मासा लागला!"

"वजन करा त्याचं, अलिबागला जाईल!"

"वैनी, उतरव गो! मांड्यांत कापतंय!" सदा ओरडत होता. पण एकही टाका उसवला नाही. वेणूबाईने त्याला खाली उतरवून प्रत्येक शिवण बोटाने चाचपली आणि मांडीखालच्या पट्ट्यांना आतून जुनं लुगडं लावलं.

दुसऱ्या दिवशी अंबाजीने तो पट्टा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि चक्क नाकाला लावून हुंगला. मासळीचा वास आला असणार. चामड्याचा येत नव्हता.

"चालंल," तो म्हणाला.

मग चांगदेवाने शिखराच्या वरच्या खोबणीभोवती, कळसाच्या जागेखाली, दोराचे वेढे घातले, तसा अंबाजी पुन्हा खालून ओरडला, "आईच्या गल्यात दोर घालतंस?"

"हार समजा, काका!" वरून चांगदेव म्हणाला. लोक हसले आणि तेवढ्यावर निभावलं. त्या क्षणी मला वाटलं, जिंकलो.

चार-पाच दिवस काम नीट चाललं. वरच्या टप्प्यावर रंग लागत होता. जेवणवेळ व्हायची होती, मी आणि वेणूबाई देवळामागच्या विहिरीवर होतो. काड् असा आवाज आला आणि पाठोपाठ बायकांची किंकाळी. मी धावत वळसा घालून आले तर वरची फळी एका अंगाने लोंबत होती आणि चांगदेव शिखराला पाठ घासत दोरावर लटकत होता. रंगाच्या डब्यातला रंग खाली अंबाजीच्या डोक्यावर सांडला होता. त्याची लाल टोपी पांढरी झाली होती आणि तो तोंड उघडं टाकून वर बघत होता. सदा खालच्या टप्प्यावर होता. त्याने हात लांबवून भावाचे पाय धरले, त्याला आत ओढलं, दोर सैल केला आणि दोघं बांबू धरत धरत उतरले.

फळी का गेली ते चांगदेवाने जमिनीवर पाय टेकताच सांगितलं. त्याच्या बरगड्या ठणकत होत्या, तरी आधी त्याने सुटलेला काथ्या हातात घेतला. "ही गाठ कोनी मारली?"

सगळे आपापल्या हातांकडे बघायला लागले. नाव सांगायची गरजही नव्हती, कारण ती गाठ सगळ्यांचीच होती. होडीवर कोळी अशी गाठ मारतो की वेळ आली तर एका हिसक्यात सुटावी. शीड उतरवायचं, जाळं सोडून द्यायचं, तिथे न सुटणारी गाठ माणसाला बुडवते. आमच्या माणसांचे हात तीच गाठ मारायला शिकलेले. परांचीलाही तीच मारली. फळीवर पाय आपटला, हिसका बसला आणि गाठ तिच्या धर्माप्रमाणे सुटली.

हे सगळं चांगदेव सांगत होता आणि ऐकत कुणी नव्हतं. विठोबा गुरवाने देवीपुढचा गुलाल आणून त्याच्या कपाळाला लावला. अंबाजी, डोक्यावरून रंग ओघळत असताना, मोठ्याने म्हणाला, "आईनं धरलं!"

"आईनं धरलं! आईनं धरलं!" सगळा कोळीवाडा म्हणायला लागला. ढोल सुरू झाला. चांगदेवाच्या अंगावरून पट्टा उतरवला तो माणसांनीच. मला वाटलं त्याला मोकळं करतायत. पाहते तर पट्टा गाभाऱ्यात गेला.

सकाळी मी देवळात गेले. पट्टा खुंटीला टांगलेला. त्याला हळदकुंकू, अबोलीचा वळेसर, खाली नारळ. कडीलासुद्धा कुंकू. दोन बायका त्याला हात लावून हात कपाळाला लावत होत्या.

"विठोबादादा, पट्टा द्या. त्याला उद्या-परवा परत वर जायचंय. कळस राह्यलाय."

विठोबा शांतपणे वात पुढे सारत म्हणाला, "ती आता तुजी वस्तू न्हाय, ठमे."

"मी शिवली ती! मी आनि वेणूबायनं!"

"शिवलीस तू. पन शिवून घेतली कोनी?"

याला काय उत्तर द्यायचं? आज इतकी वर्षं झाली, मला अजून सापडलेलं नाही. मी एवढंच म्हणाले, "मंग आईचा प्रसाद समजून त्याच्या अंगावर घाला."

"पूजलेली चीज परत मानसाच्या ढुंगनाला बांधायची? जा घरी."

घरी आले ती ठरवूनच, की दुसरा शिवायचा. शीड होतं अर्ध्याहून जास्त. माळ्यावर चढले तर तिथे शीड नव्हतं. सासरे नेहमीच्या जागी.

"मामा, शीड?"

"नेलं लोकांनी." त्यांनी चिलीम काढली. "नाखवे आयले. म्हनाले, ज्या शिडातनं आईनं पोराला धरलं, त्याचा तुकडा द्या. कोनाला न्हाय म्हनू?"

मी किनाऱ्यावर गेले. ओढून ठेवलेल्या प्रत्येक होडीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, शिडाच्या कापडाची एकेक चिंधी बांधलेली होती, हळद लावलेली, वाऱ्यावर फडफडणारी. एवढ्या कापडात चांगदेवासकट सदाचाही पट्टा झाला असता. मी वाळूत बसून रडले, आणि रडताना मला स्वतःचाच राग आला. मग वेणूबाईकडे गेले. तिच्याकडे दुसऱ्यांची शिडं दुरुस्तीला आलेली होती, त्यांना कात्री लावता येत नव्हती. ती म्हणाली, "तुज्या नवऱ्यालाच विचार. त्यानं मागितला तर देतील."

खरं तर हेच मी आधी करायला हवं होतं. चांगदेव खाटेवर पडून होता, छातीला हळदीचा लेप. दिवसभर त्याला बघायला माणसं येत होती. म्हाताऱ्या बाया त्याच्या पायाला हात लावून जात होत्या.

"तू सांग पंचांना. तुजं ऐकतील आता."

तो आढ्याकडे बघत राहिला. "आता पट्टा बांधला तर लोक काय म्हनतील? आईनं एकदा धरलं, तरी याचा भरवसा न्हाय?"

"आईनं धरलं ते कशानं धरलं?"

"ठमे..."

"सांग ना. कशानं? कोनच्या दोरानं? गोदीत तुज्या शेजारी व्हता त्याची आई काय झोपली व्हती?"

"तुना न्हाय कलायचं," तो म्हणाला आणि कुशीवर वळला. बरगड्या दुखल्या म्हणून कण्हला.

चार दिवसांपूर्वी गोदीच्या गोष्टी सांगणारा माणूस हाच का, असं मला झालं. गावात त्याला कधी कुणी एवढं विचारलं नव्हतं. तांडेलाचा पोरगा म्हणूनही नाही, मुंबईहून परत आलेला म्हणून तर नाहीच. आता देवीने हाताने धरलेला माणूस झाला होता तो. पट्टा बांधला असता तर पुन्हा साधा रंगारी झाला असता.

एक गोष्ट मात्र त्याने केली. बरं वाटायला लागल्यावर, कुणाला न सांगता, परांचीचा एकेक सांधा स्वतः सोडून परत बांधला. गोदीतल्या गाठीने. मी पाणी द्यायच्या निमित्ताने जाऊन पाहिलं. म्हणजे त्याला कळत होतं. कळत असूनही तो पट्टा मागत नव्हता.

कळस चढवायच्या दिवशी सगळा गाव गोळा झाला. चांगदेव नुसत्या कमरेच्या रुमालावर, गळ्यात झेंडूची माळ घालून, परांचीवर चढायला लागला. सदा मागून कळस घेऊन. मला आणखी काहीच सुचलं नाही. मी वेणूबाईच्या अंगणातलं वाळत घातलेलं जाळं उचललं, ती दुसऱ्या टोकाला आली आणि आम्ही दोघी परांचीखाली जाळं ताणून उभ्या राहिलो.

आधी कुणाला समजलं नाही. मग हशा पिकला.

"ठमे, मानूस काय बोंबील हाय?"

"भरती केवा हाय गो? काय घावलं तर आमाला पन दे!"

"आनखी चार जनी या," मी ओरडले. "कडा धरा. दोघींना न्हाय पेलायचं!" एकही बाई पुढे आली नाही. नवऱ्यांकडे बघत उभ्या राहिल्या. दोन बायकांनी धरलेल्या जाळ्यात माडावरून पडलेला माणूस थांबत नाही, एवढं मलाही कळत होतं. पण हात खाली सोडून उभं राहणं मला जमेना.

वरून चांगदेवाचा आवाज आला. "ठमे! गोला कर ते! लाज काढतंस माजी!"

मी गोळा केलं नाही. ऊन डोक्यावर आलं. मान वर करून करून डोळ्यांसमोर काळं यायला लागलं. खांदे भरून आले. वेणूबाई पुटपुटत होती, "बाय, हात सुन्न झाले माजे," आणि तरी तिने कडा सोडली नाही. वर तो कळस बसवत होता. एका हाताने शिखर धरलेलं, एक पाय फळीवर, दुसरा हवेत. पितळ उन्हात चमकलं. ढोल वाजायला लागला.

आणि काही झालं नाही.

तो बांबू धरून खाली उतरला. परांची हललीसुद्धा नाही, कारण गाठी त्याच्या होत्या. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. अंबाजी माझ्याकडे बघून म्हणाला, "बघ गो. आईवर भरवसा ठेवायला शिक." चांगदेव माझ्याकडे बघत नव्हता. मी जाळ्याच्या घड्या घातल्या आणि वेणूबाईच्या अंगणात परत नेऊन टाकलं. त्या रागाला आजही नाव देता येत नाही मला. तो धडधाकट खाली आला याचा मला आनंद झाला होता, आणि त्याच कारणाने माझं बोलणं कायमचं खोटं ठरलं होतं. दोन्ही एकदम छातीत मावत नव्हतं.

त्यानंतर आमच्या देवळावर दोर बांधून कुणी चढला नाही. चांगदेव चढला होता ना तसाच.

सहासष्ट साली शिखराला पुन्हा रंग द्यायचं ठरलं. चांगदेवाचा गुडघा धरत होता, म्हणून सदा म्हणाला, मी जातो. मी त्याला अंगणात अडवलं. तो हसला. "वैनी, दादा न्हाय काय गेला?" परांची पुन्हा गावच्या माणसांनीच बांधली होती, त्यांच्या नेहमीच्या गाठीने. सदा वरच्या टप्प्यावरून देवळाच्या पायऱ्यांवर पडला. बैलगाडीतून अलिबागला नेईपर्यंत तो बोलत होता. जीव वाचला, कमरेखालचं अंग गेलं. त्याची होणारी बायको दुसऱ्या घरी दिली गेली. पुढची बत्तीस वर्षं तो आमच्या ओटीवर जाळी विणत बसला, आणि त्याच्या हातचं जाळं लांबून लोक घ्यायला यायचे. त्याने मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. मीही त्याला नाही.

अंबाजी पंच त्या अपघातानंतर म्हणाला, सदाने वर जायच्या आधी नारळ फोडला नव्हता. हे तो मरेपर्यंत म्हणत राहिला, आणि सत्तरीच्या पुढे घरच्या पडवीत झोपेतच गेला. विठोबा गुरवाच्या मुलाने गुरवकी सोडली, खत कारखान्यात लागला. बुधाजी मामा सदाचं तसं पाहून वर्षभरात गेले. शेवटी शेवटी त्यांनी चिलीम सोडली होती. वेणूबाई आमच्याच घरी राहिली, तिचं सगळं मीच केलं.

चांगदेवाने त्या दिवसानंतर "आईनं धरलं" हे शब्द कधी उच्चारले नाहीत. देवळात जायचा, लांबून हात जोडून परतायचा. रोज सदाला पाठीवर घेऊन किनाऱ्यावर न्यायचा, होड्या येताना दाखवायचा. गुडघा दुखायचा, पण दुसऱ्या कुणाला ते करू दिलं नाही. एकदा, किती तरी वर्षांनी, जेवताना मला म्हणाला, "तू त्या दिवशी गप बसली नव्हतीस." एवढंच. मी भात वाढला. तो सत्याण्णव साली गेला आणि सदा त्याच्या पुढच्या वर्षी. त्या मधल्या वर्षात सदाला किनाऱ्यावर नेणारं कुणी नव्हतं. मला त्याला उचलता येत नव्हतं.